कौतिकाबाई, दार अकरा वाजता उघडतं

कौतिकाबाई, तुझ्या जागेवर आता दुसरी बाई बसते. तू गेलीस त्याला तेव्हा चारच दिवस झाले होते. मी मुद्दाम त्या बाजूनं गेले, तर तिथं पालक आणि कोथिंबिरीच्या जुड्या मांडलेल्या. मला राग आला. त्या बाईचा नाही. ती बिचारी इतके दिवस रस्त्याच्या कडेला उन्हात बसत होती, तिला सावली मिळाली. राग नेमका कुणाचा आला हे मला अजून धड सांगता येत नाही, म्हणून लिहायला बसले आहे. जन्मभर दुसऱ्यांचे अर्ज टाइप केले. "महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून." तुला लिहिताना वर काय घालावं ते सुचेना, म्हणून नुसतं तुझं नाव घातलं.

आपली ओळखही अर्जावरूनच झाली. नगरपरिषदेच्या कार्यालयाच्या फाटकाशी, कडुनिंबाखाली माझं टेबल, आणि रस्ता ओलांडला की तुमचा भाजीबाजार. तू एका शेजारणीला हाताला धरून घेऊन आलीस. तिचा नवरा वारला होता आणि निराधार पेन्शनचा अर्ज तीनदा परत आला होता. ती बोलेना, रडेना. तूच सगळं सांगत होतीस. शेवटी म्हणालीस, "लिव बाई, पण जोरात लिव."

मी हसले. "अर्ज जोरात कसा लिहायचा?"

"वाचनाऱ्याच्या कानाले लागलं पायजे, असा."

पेन्शन मिळालं. माझ्या अर्जानं नाही, तू पेन्शनवाल्या साहेबांच्या दारात आठवडाभर ठाण मांडून बसलीस म्हणून. पण तू साऱ्या बाजारात सांगत सुटलीस की टाइपवाली मंगलाबाई जोरात लिहिते. त्यानंतर माझ्या टेबलाशी रोज कुणीतरी तुझं नाव सांगून यायचं. रेशनकार्डातून नाव कटलेली, नळाचं बिल येतं पण नळ येत नाही अशी, मुलाचा दाखला अडलेली. चिचगडहून तुझा भाऊ वास्ते पाठवायचा, ते बांबूचे कोवळे कोंब, त्यातले निवडक माझ्या पिशवीत आपोआप पडलेले असायचे.

आणि तो दिवस. एका वकिलाच्या माणसाला माझी जागा हवी होती. त्यानं माझं टेबल उचलून भिंतीशी उलटं टाकलं. मी रडत उभी. तू रस्ता ओलांडून आलीस, टेबल सरळ केलंस आणि त्याच्यावर मांडी घालून बसलीस. "हे टेबल इथंच राहीन. कोनाले उचलाचं असंन तं माह्यासकट उचला." तुझं वजन काही कमी नव्हतं. तो माणूस निघून गेला. त्या टेबलावर मी पुढं किती वर्षं पोट भरलं, ते तुला माहीत आहे. हे मी मुद्दाम आधी लिहिते, कारण पुढं जे लिहायचं आहे ते याच्याशेजारी ठेवूनच वाचलं जावं.

तू पाणी पीत नव्हतीस. हे माझ्या लक्षात यायलाही फार दिवस गेले. मे महिन्यात आपल्या गोंदियात रस्त्याचं डांबर चपलेला चिकटतं. तू दर अर्ध्या तासानं बादलीत मग बुडवून भाजीवर पाणी शिंपायचीस, आणि त्यातला थेंब स्वतःच्या तोंडात घालायची नाहीस. ओठ सोललेले. मी एकदा बाटली पुढं केली तर म्हणालीस, "नको वं. प्यालं का मंग जा लागते."

जायला जागा नव्हती. पूर्वी बाजारामागं झुडपं होती, तुम्ही तिघीचौघी मिळून जायचात आणि एकीनं पदर धरायचा. मग तिथं दुकानांचे गाळे झाले. पुरुषांची मुतारी होती, आणि नसती तरी त्यांना भिंती पुष्कळ होत्या. तुम्ही पहाटे घरून निघायचात आणि दिवेलागणीला परतायचात. मधले सगळे तास बायकांनी अंगात दाबून ठेवायचे, असा या शहराचा न लिहिलेला नियम होता. पाळीच्या दिवसांत तर बोलूच नये. ज्या नियमाची कुठंच नोंद नाही तो रद्द करा म्हणून अर्ज तरी कुणाकडं करायचा?

तरी आपण केला. "विषय : भाजीबाजारातील महिला विक्रेत्यांसाठी स्वच्छतागृह बांधून मिळणेबाबत." बाकीच्यांनी अंगठे दिले. तू प्रौढ वर्गात सही शिकली होतीस. जीभ दाताखाली धरून तू एकेक अक्षर काढलंस आणि मला विचारलंस, "काना बराबर आला का?" एकदा नाही, त्या अर्जावर तू किती वेळा सही केलीस त्याची गणती नाही. साहेब बदलत गेले. आपण नवं नाव घालून तोच अर्ज पुन्हा काढायचो.

आणि खरंच, ते बांधलं. गुलाबी रंग, भिंतीवर हसऱ्या बाईचं चित्र. उद्घाटनाला तुला पुढं उभं केलं, हातात नारळाचं ताट दिलं. पेपरात फोटो आला. पुढच्या आठवड्यात तोच कागद तुझ्या रद्दीत आला, आणि तू त्यात मिरच्या बांधून कुणाला तरी दिल्यास. "चला," म्हणालीस, "फोटोचा तरी कायी उपेग झाला."

कारण दाराला कुलूप लागलं होतं. उद्घाटनाच्या संध्याकाळीच.

आपण दोघी चावी मागत फिरलो ते आठवलं की अजूनही डोकं तापतं. कार्यालयातले बाबू माझ्या ओळखीचे, सज्जन माणूस. कधी कुणावर आवाज चढवला नाही. त्यांनी हात जोडले. "चाबी माझ्याकडे कुठून येणार, बाई? बांधकामवाल्यांनी अजून हँडओव्हरच नाही केलं." बांधकामवाले म्हणाले, आमचं काम भिंतीपर्यंत, पाणी जोडल्याशिवाय ताबा कसा देणार. पाण्याच्या खोलीत सांगितलं, मागणीचं पत्रच आलं नाही. आणि सफाईच्या खोलीत एक जण खुर्चीतून न उठता बोलला, "ताई, आदमी मंजूर नहीं है. खोल दिया तो साफ कौन करेगा?"

तू कार्यालयाच्या ओसरीत उभी राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालीस, "संडास बांधला का ताजमहाल बांधला? लोकायनं भायेरूनच पाहून जाचं का?"

लोक हसले. बाबूही हसले. कुलूप तसंच राहिलं.

मग तो मंगळवार. तू कुलूप तोडायला सब्बल, ती लोखंडी पहार, घेऊन आलीस. दुपारची वेळ, बाजार सुस्तावलेला. तू दारापाशी पोचली होतीस आणि मी टेबल सोडून पळत आले.

"बाजूले हो, मंगला."

"कौतिकाबाई, गुन्हा दाखल होईल. सरकारी मालमत्ता आहे ती."

"आनं माहं आंग? थे कोनाची मालमत्ता हाय?"

"मला एक महिना दे. माहिती अधिकारात टाकते. लेखी उत्तर द्यावंच लागतं त्यांना."

"मले उत्तर कायले पायजे? मले आत जाचं हाय." तू माझ्याकडं बघितलंस. राग नव्हता, तू खरंच विचारत होतीस. "तुले काऊन घाई नाई वं?"

मी म्हटलं, "घाईनं कामं बिघडतात." तू सब्बल खाली ठेवलीस. माझ्यावर विश्वास होता म्हणून ठेवलीस. त्या दिवशी मी जिंकले. महिन्यानं उत्तर आलं, एका ओळीचं : "सदर बाब कार्यवाहीत आहे." मी ते तुला वाचून दाखवलं. तू मान हलवलीस आणि वांगी रचत राहिलीस. त्यानंतर तू सब्बल आणली नाहीस आणि मीही विषय काढला नाही.

आता मला घाई का नव्हती ते सांगते.

कार्यालयात ओसरीच्या टोकाला एक शौचालय आहे, कर्मचाऱ्यांचं. माझं टेबल फाटकाशी लागलं त्याच्या दुसऱ्याच वर्षी बाबूंनी मला हळूच सांगितलं होतं, "मंगलाताई, तुम्हाला लागलं तर वापरत जा. चाबी खिळ्यावर असते. फक्त एकट्या या. बाजारवाल्यांना कळलं तर रांग लागेल, आणि माझ्यावर येईल." मी मान डोलावली. किती वर्षं मान डोलावली! तू विचारायचीस, "तू कशी करतं वं दिवसभर?" मी म्हणायचे, "मी सकाळी घरूनच जाऊन येते. सवय झाली आहे." तू म्हणायचीस, "बापा, तुही तं मोठी कमाल हाय."

तू माझ्या टेबलावर बसून माझी रोजी वाचवली होतीस. आणि मी तुला रस्त्यापलीकडं असलेलं एक दार दाखवलं नाही. माझी सोय जाईल म्हणून. मी स्वतःला समजावत होते की एकीची सोय करून काय होणार, सगळ्यांसाठी हक्कानं मिळायला हवं, म्हणूनच तर अर्ज करते आहे. वाक्य चांगलं आहे. अर्जात घातलं तर शोभेल. पण तेच वाक्य घोकत मी रोज ती चावी खिळ्यावरून काढत होते.

पहिल्यांदा तुला ताप आला तेव्हा तू मेडिकलमधून गोळ्या घेतल्यास. लघवीला जळजळ व्हायची, ते तू मला सांगितलंस, पुरुष दुकानदाराला कसं सांगणार? म्हणून मीच जाऊन सांगितलं. बरं वाटलं, मग पुन्हा आलं. वर्षभर हे असंच. पाय सुजायला लागले. तुझी मुलगी सीमा आमगावहून आली आणि तुला जबरदस्तीनं दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी विचारलं, "मावशी, पाणी का नाही पीत?" तू सीमाकडं बघून हसलीस. डॉक्टरांनी मला बाहेर नीट समजावलं : साखर होतीच, तिच्याकडं कधी लक्ष दिलं नाही. संसर्ग पुन्हा पुन्हा झाला, वर चढत चढत मूत्रपिंडापर्यंत गेला. एकाच गोष्टीमुळे असं नाही म्हणता येत, त्या म्हणाल्या. मला मान्य आहे. मला कुठल्याही गोष्टीवर सगळा दोष ढकलून मोकळं व्हायचं नाही. पण कुलपाचा वाटा किती आणि माझा किती, हे मला कुणी सांगितलं नाही.

शेवटच्या भेटीत तू बरी दिसत होतीस. सकाळची वेळ, खिडकीतून ऊन खाटेवर आलं होतं. सीमा डबा धुवायला गेली होती. तू माझा हात धरलास आणि म्हणालीस, "मंगला, इथं मस्त हाय. संडास खाटीपासून धा पावलावर हाय. मी मोजले."

मी पाण्याचा ग्लास तुझ्या हाताशी सरकवला.

"रातदिस उघडा रायते. कोनी विचारत नाई, काऊन चालली म्हनून." तू ग्लास उचललास. डॉक्टरांनी पाणी मोजून द्यायला सांगितलं होतं, आता तेही जपून प्यायचं होतं. तू दोन घोट घेतलेस आणि तोंडात घोळवत राहिलीस. "चाल, मले नेऊन आन."

मी तुला नेलं. तुझा सगळा भार माझ्या खांद्यावर होता. परत खाटेवर बसवताना मला वाटलं, आत्ता सांगावं. "कौतिकाबाई, तुला एक सांगायचं आहे," असं म्हटलंही. तू डोळे मिटलेस आणि म्हणालीस, "सांग ना." मी तुझ्याकडं बघत राहिले. तुला झोप लागली की तू ऐकायला थांबली होतीस, मला कळलं नाही. सीमा डबा घेऊन आली. मी म्हटलं, उद्या येते. मी येण्याआधीच तू गेलीस.

तुझा दहावा झाला. सीमानं सगळं नीट केलं. बाजारातल्या बायका आल्या होत्या. तुझ्या शेजारी कांदे घेऊन बसणारी शेवंता मला म्हणाली, "आता मी बी पानी कमीच पेतो, आदतच पडली." ते ऐकल्यावर मला तिथं बसवेना.

सोमवारी मी बाजारात गेले आणि म्हटलं, ज्यांना जायचं आहे त्या माझ्यासोबत चला. नऊ जणी उठल्या. आम्ही रस्ता ओलांडून फाटकातून आत, ओसरीतून थेट टोकाला. बाबू टेबलावरून उठले.

"मंगलाताई, हे काय?"

"शौचालयाला जायचं आहे."

"अहो, पण... तुम्हाला सांगितलं होतं ना मी. तुम्ही एकट्या या म्हणून."

नऊ जणींनी माझ्याकडं बघितलं. त्यांना कळायला वेळ लागला नाही. मी खिळ्यावरची चावी काढली होती, न बघता, हात आपोआप गेला होता.

शेवंतानं विचारलं, "तू रोज इथंच येत होती का?"

"हो."

"कौतिकाले मालूम होतं?"

"नाही."

तिनं शिवी दिली असती तर बरं झालं असतं. तिनं माझ्या हातातून चावी घेतली, म्हणाली, "बाजूले हो," आणि पहिली आत गेली. मग एकेक करून सगळ्या. ओसरीत साहेब लोक उभे राहून बघत होते आणि मी त्या दाराबाहेर भिंतीला टेकून उभी होते. मला माझं तोंड कुठं लपवावं ते कळत नव्हतं आणि त्याच वेळी बऱ्याच दिवसांनी श्वास नीट येत होता.

दुसऱ्या दिवशी फाटकावर कागद चिकटवला, आवारात खासगी टेबल लावण्यास मनाई. माझं टेबल गेलं. आता मी पलीकडं चहावाल्याच्या ओट्यावर लॅपटॉप मांडीवर घेऊन बसते. बाबूंना नोटीस मिळाली. सज्जन माणूस, त्यांचं मला वाईट वाटतं, आणि वाईट वाटतं याचाही राग येतो. कारण एवढ्या वर्षांत त्या इमारतीत बाईची अडचण समजली ती फक्त त्यांना. आणि समजली म्हणून त्यांनी काय केलं, तर एकीला गुपचूप चावी दिली.

पण आठ दिवसांत तुझ्या गुलाबी खोलीचं कुलूप निघालं, कौतिकाबाई. पाणी आलं. मागणीचं पत्र कुठून तरी सापडलं. माणूस मंजूर झाला. दारावर पाटी लागली : "फक्त महिलांसाठी. वेळ सकाळी ११ ते सायंकाळी ५." मी वाचलं आणि परत वाचलं. बाजार सहाला लागतो. खरं गिऱ्हाईक दहापर्यंत. अकराला दार उघडतं तेव्हा पहाटे चारला उठलेल्या बायकांचे सात तास होऊन गेलेले असतात. ही वेळ ज्यानं ठरवली तो स्वतः अकराला येत असणार, दुसरं काय!

मी वर सफाईच्या खोलीत गेले. खुर्चीत आता नवा माणूस होता. तो म्हणाला, "मॅडम, कर्मचारी की ड्यूटी ग्यारह से है. टायमिंग बदलायचं असेल तर अर्ज द्या."

मी हसत सुटले. त्याला वाटलं मला वेड लागलं. खाली आले आणि शेवंताला म्हटलं, उद्या सहाला दारापाशी उभ्या राहू. ती अजून माझ्याशी नीट बोलत नाही, पण "बरं" म्हणाली.

आज सकाळी आम्ही चौघीच होतो. बाकीच्यांना माल सोडून येता येईना, ते मी समजू शकते. दार बंद. समोरचा रस्ता एक बाई झाडत होती, ठेक्यावरची सफाई कामगार. तिला मी इथं गीता म्हणते, खरं नाव लिहीत नाही. ती झाडू टेकवून आमच्याकडं बघत राहिली, मग जवळ आली. म्हणाली, या दाराची तिची ड्यूटी अकराची, पण ते कागदावर. ती साडेपाचपासून हाच रस्ता झाडते, आणि चावी तिच्या कमरेलाच असते. तिनं इकडंतिकडं बघितलं आणि कुलूप काढलं.

"लवकर जा. आनं साहेबाले नका सांगजा, मॅडम. माहं नाव कापतीन."

"नाही सांगत," मी म्हटलं. पुन्हा तेच. पुन्हा एक दार, आणि ते उघडं राहण्यासाठी माझं तोंड बंद. सांगितलं तर गीताचं काम जातं. नाही सांगितलं तर पाटीवर अकराच राहतात, आणि उद्या गीताची बदली झाली की या चौघींना परत कुलूप. हक्क म्हणून जे मिळायचं ते या शहरात एखाद्या भल्या माणसाच्या मेहरबानीवर मिळतं, आणि मेहरबानीला आवाज नसतो. मी अर्ज करणारच आहे. जोरात लिहिणार आहे. पण त्यात गीताचं काय करायचं, ते मला तुला विचारायचं होतं. भांडून विचारायचं होतं.

मी त्या पाटीखाली उभी राहून विचार करत होते. चौघींतल्या दोघी आत जाऊन आल्या. तू असतीस तर काय केलं असतंस, ते मला पक्कं माहीत आहे. आधी आत जाऊन आली असतीस, मग भांडली असतीस.

शेवंता पदराला हात पुसत बाहेर आली. दार तिनं लोटलं नाही, माझ्यासाठी धरून ठेवलं. मी माझी पिशवी तिच्या हातात दिली आणि आत गेले.